दोस्ताचं कुर्तुबा

आम्ही दोघं वाटूरचे, एकाच आळीतले. एकाच मास्तरांकडं पाटी धरली, बरोबरच औरंगाबादला बोर्डिंगात राहिलो, आणि नोकरीही एकाच शाळेत लागली. परतूरची वस्तानिया शाळा, म्हणजे सातवीपर्यंतची. अंमल निजामाचा, शिकवणं सगळं उर्दूत, सुट्टी शुक्रवारची. आमच्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी वाटणी केली. त्याला तवारीख दिली, मला जुगराफिया. त्याच्याकडं इतिहास, माझ्याकडं भूगोल. मला तेव्हा आपलंच पारडं जड वाटलं. माझ्याकडं भिंतीवर टांगायचा मोठा नकाशा होता, फिरणारा पृथ्वीचा गोल होता. त्याच्याकडं काय, तर पाठ निघालेलं एक पुस्तक.

त्या पुस्तकात सातवीला एक पान होतं, स्पेन देशातल्या कुर्तुबा शहराचं. हजारेक वर्षांपूर्वी तिथं अरब खलिफांचं राज्य होतं, तिथली मशीद मोठी, तिथं विद्येला मान होता, एवढाच मजकूर. दुसऱ्या कोणी अर्ध्या तासात पान उलटलं असतं. त्यानं त्याला आठ दिवस लावले.

आमच्या दोन वर्गांमधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती. तिकडचं सगळं मला ऐकू यायचं. तो पुस्तक मिटून ठेवायचा आणि पोरांना विचारायचा, "बाहेर ऊन कसं हाय?"

"लई हाय जी."

"आस्संच ऊन कुर्तुब्यात. उन्हाळ्यात दुपारी तिथं कुत्रं बी रस्त्यावर दिसत न्हाई. म्हणून तिथल्या माणसानं काय केलं, घरं बाहेरून साधी ठेवली, नुसता पांढरा चुना. आणि आत चौक, चौकात हिर, हिरीभवती फुलांच्या कुंड्या. गल्लीतून जाणाऱ्याला वाटावं, गरिबाचं घर हाय. दार उघडलं की गारवा."

शिकवायचं उर्दूत, पण गोष्ट रंगात आली की तो असा वाटूरच्या बोलीत घसरायचा. मग त्या मशिदीच्या अंगणातली नारिंगाची झाडं यायची. आत खांबांचं रान, इकडून बघा, तिकडून बघा, खांबच खांब, आणि त्यांच्यावर एकावर एक दोन-दोन कमानी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. नदीवरचा पूल यायचा. शहराबाहेर खलिफानं बांधलेला महाल यायचा आणि त्यात पाऱ्याचा हौद. हौद हलवला की सगळ्या दिवाणखान्यात उजेड नाचायचा आणि पाहुण्याला वाटायचं, खोलीच फिरायला लागली.

मी इकडं कापसाला जमीन कशी लागते ते सांगत असायचो. माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडं तोंड करून बसलेली असत, पण माना फळ्यांच्या भिंतीकडं कललेल्या. मी आवाज चढवून पाहिला. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच आवाज हळू करतोय, तिकडचं पुढचं ऐकायला मिळावं म्हणून. त्या दिवसापासून मला तो डोळ्यांसमोर नको झाला.

बाजारच्या दिवशी तर कहर. आष्टीकडचे, वाटूरकडचे शेतकरी कापूस, ज्वारी घालून मोकळे झाले की त्याच्या खिडकीशी येऊन टेकायचे. पहिल्यांदा तिघं-चौघं होते. पुढं पुढं खिडकीत माणसं मावेनात. माझ्या वर्गालाही तसलीच खिडकी होती, त्याच बाजूला. तिच्याशी कोणी थांबलं नाही. एकदा एक म्हातारा थांबला, मी उत्साहानं नकाशावर काठी फिरवली. तो म्हणाला, "मास्तर, ते कुर्तुब्याचे मास्तर आज आल्ते न्हाई का?"

घरी आलो तर माझी बायको भाकरी थापता थापता विचारते, "का हो, कुर्तुब्यात तेव्हा रस्त्यानं दिवे लागायचे म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"शेजारच्या काकू सांगून राह्यल्या. त्यांचा पोरगा हाय ना त्या मास्तरांच्या वर्गात."

मी म्हणालो, "दिवे होते का नव्हते, तो काय बघून आलाय?" ती तव्याकडं वळली. भाकरी मात्र त्या दिवशी करपली.

हे सगळं मी एकवेळ गिळलं असतं. पण पुढं त्यानं ती बाई आणली.

बाई अशी होती. मशीद बांधायला गवंडी लागले तेव्हा त्यांना पाणी पाजायला एक बाई होती. उन्हातान्हात नदीवरून घागरी आणायची. बांधकामाला वर्षं लागली, आली तेव्हा काळ्या केसांची होती ती म्हातारी झाली. काम संपल्यावर ज्यानं त्यानं आपलं नाव दगडात कोरून घेतलं, खलिफाचं, कारागिरांचं. बाईला नाव लिहिता येत नव्हतं. मग एका गवंड्यानं तिचा हात ओल्या चुन्यात बुडवला आणि मागच्या अंगाच्या एका खांबावर, खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी दाबला. "ते पंजाचं निशाण आजबी हाय," तो सांगायचा. "हज्जारो माणसं मशीद बघायला जातात. त्यातल्या एखाद्यालाच दिसतं."

पोरं रोज विचारायची, कोणता खांब, उजवीकडून कितवा. आष्टीच्या बाजारात त्या पंजाची गोष्ट पोचली. आमच्या गल्लीतल्या बायका पाण्याला जाताना ती एकमेकींना सांगायच्या. आणि मी, पृथ्वीचा अख्खा गोल हातात घेऊन बसलेला माणूस, मला अशी एक ओळ सुचत नव्हती.

हैदराबादेत माझ्या ओळखीचा एक कारकून होता. त्याला मी पत्र टाकलं, स्पेनविषयी मिळेल ते पुस्तक पाठव. महिन्यानं टपालानं आलं. कुण्या इंग्रज प्रवाशाचं, जाड, चित्रांचं, कुठल्या तरी बंगल्यातून रद्दीत निघालेलं. त्यात कुर्तुब्याचं नाव कोर्डोवा असं होतं. नकाशावर ते मी शंभरदा पाहिलं होतं, पण ते हेच, हे मला ठाऊक नव्हतं. भूगोलाच्या मास्तराला एवढंही ठाऊक नव्हतं, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

दर शुक्रवारी सकाळी लिंबाखाली बाज टाकून, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते वाचायचो. बायकोला वाटलं नवरा वरच्या परीक्षेला बसतोय. ती दूध आणून द्यायची. मी हातात पेन्सिल धरून त्याच्या चुका शोधत होतो. आणि सापडत गेल्या. तो म्हणायचा खांब सगळे एका उंचीचे, एका हातानं घडवल्यासारखे. पुस्तक म्हणत होतं, खांब जुन्या पडक्या इमारतींतून गोळा केलेले, कोणी उंच कोणी बुटका. उंचाला जमिनीत गाडलं, बुटक्याखाली दगड दिला. तो म्हणायचा तिथं आजही पाच वेळा अजान होते. पुस्तक म्हणत होतं, राज्य पालटलं तेव्हाच, कित्येक शतकांमागं, मशिदीचं चर्च झालं, आणि पुढं खांबांच्या मधोमध पाडापाड करून भलं मोठं प्रार्थनामंदिर उभं केलं. महालाचे तर नुसते दगड उरले होते, पाऱ्याचा हौद सांगीवांगीचा. प्रत्येक चुकीपाशी मी समासात खूण केली आणि आकडा घातला. सतरा झाल्या.

पाणीवाली बाई कुठंच नव्हती. मी ते प्रकरण तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मला असा आनंद झाला की मी उठून लिंबाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

त्या हिवाळ्यात तपासणीचे साहेब आले. त्याच्या वर्गात बसले, अर्ध्या तासासाठी गेले होते ते दीड तास बसले. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर खुशी. हेडमास्तरांच्या खोलीत चहा झाला. आम्ही सगळे मास्तर भिंतीशी उभे. साहेबांनी त्याची तारीफ केली, पंजाची गोष्ट तर फारच उम्दा, म्हणाले. हेडमास्तर हसून मान डोलवत होते.

मला बोलायची गरज नव्हती. मी बोललो. अदबीनं, हात बांधून म्हणालो, "साहेब, गुस्ताखी माफ. ती बाई कुठल्या किताबात हाय, आम्हालाबी कळलं तर आम्हीबी वाचू."

साहेबांनी कप खाली ठेवला. त्याच्याकडं वळून विचारलं, "ये औरत किस किताब में है?"

तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. एखादा शब्द नीट ऐकू आला नसावा तसा. मग म्हणाला, "किताबात न्हाई साहेब. मी जोडली. नुसते खांब पोरांच्या ध्यानात राहत न्हाईत. बाई राहती."

साहेब कायद्याचे माणूस. तवारीखमधे मनची भर घालायची नाही, एवढंच ते म्हणाले, पण आवाज बदलला होता. ते गेल्यावर आठ दिवसांत हेडमास्तरांनी वाटणी फिरवली. त्याला हिसाब दिला, म्हणजे गणित. भूगोलाबरोबर तवारीखही माझ्याकडं आली.

त्याच शुक्रवारी मी वाटूरला गेलो. आईला बातमी सांगितली, आता मीच दोन्ही विषय शिकवतो. पंजाची गोष्ट तिच्याही कानावर गेलेली होती. मी म्हणालो, ती त्यानं खोटीच रचली होती.

आई म्हणाली, "खोटी कशानं? ती त्याची मायच की रे."

"त्याची माय कशी?" मी म्हणालो.

"गावातली चावडी बांधली तवा गवंड्यांना पाणी कुणी पाजलं? त्याचा बाप मेला आन ती कामाला गेली. तू बी तिच्याच घागरीचं पाणी पेत व्हतास. दोघं तिथं चुन्यात खेळायचे तुमी."

मला सगळं आठवलं. तिचा पदर खोचलेला, हातांना चुन्यानं भेगा पडलेल्या, आम्हा दोघांना एका ओंजळीतून पाणी पाजायची. मला शरम वाटायला पाहिजे होती, आणि ती वाटलीही, खोटं सांगत नाही. पण ती वाटेपर्यंत आधी दुसरंच वाटून गेलं. माझ्या घरी जमीन होती, दोन बैलजोड्या होत्या, आईनं कधी दुसऱ्याच्या कामावर पाटी उचलली नाही. ते सगळं घेऊन मी काय करू, असं मला झालं. त्याच्याजवळ सांगण्यासारखी आई होती, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

शाळेत मी कुर्तुबा शिकवायला घेतलं. सगळं खरं शिकवलं. खांब कुठून आणले, मशिदीचं चर्च कोणत्या राजवटीत झालं, सारं पुस्तकाबरहुकूम. दुसऱ्या दिवशी एका पोरानं विचारलं, "मास्तर, त्या बाईचा खांब कंचा?"

"तशी बाई नव्हती."

वर्ग एकदम गप्प झाला. ऐकत असलेला गप्प नाही. उठून गेल्यासारखा गप्प. तिसऱ्या दिवसापासून खिडकीशी कोणी आलं नाही. आणि फळ्यांच्या पलीकडून हसण्याचा आवाज यायला लागला. तो हिसाब शिकवत होता. एक मोट, दोन बैल, हौद किती वेळात भरंल, आणि त्यातला एक बैल आळशी निघाला तर. बाजारच्या दिवशी शेतकरी पुन्हा त्याच्याच खिडकीशी उभे, आळशी बैलाचं गणित बोटांवर सोडवत.

मला वाटलं होतं तो माझ्याशी भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो पहिल्यासारखाच बोलायचा. एक दिवस शाळा सुटल्यावर म्हणाला, "तुझ्याकडं कुर्तुब्याचं पुस्तक हाय म्हणं. एकदा वाचाया दे की."

"होतं. परत केलं."

"आसं का," तो म्हणाला. "मंग ऱ्हाऊ दे."

पुस्तक माझ्या ट्रंकेत होतं, धोतरांच्या खाली. कुर्तुबा त्याचं होतं हे सगळं परतूर मानत होतं. निदान पुस्तक तरी माझं राहू दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यानं आणखी दोनदा वेगवेगळ्या वर्षी विचारलं, तेच पुस्तक आणखी कुठं मिळेल का म्हणून. दोन्ही वेळा मी म्हणालो, कठीण आहे.

पुढं राज्यात धामधूम सुरू झाली. गावोगाव माणसं रात्रंदिवस धास्तीत, शाळेत पोरं येईनाशी झाली, आणि एक दिवस शाळेला कुलूप लागलं. बरीच घरं सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघाली. बायकोचे नातलग तिकडं होते, म्हणून आम्हीही गाडी जुंपली. तो निघणार नव्हता. त्याची आई आता अंथरुणाला खिळली होती, तिला गाडीचे धक्के सोसले नसते.

आम्ही निघालो त्या सकाळी तो मदतीला आला. मी आत गोधड्या बांधत होतो, त्यानं ट्रंक उचलली. कडी आधीच ढिली होती. झाकण उघडलं, धोतरं खाली आली आणि त्यांच्यावर ते जाड पुस्तक आपटलं. मी दारात आलो तेव्हा ते त्याच्या हातात होतं.

त्यानं पहिलं चित्र बघितलं, मिटलं, वरची धूळ पुसली. माझी बायको, पोरं, गाडीवान सगळे तिथं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर बोलेल. तो म्हणाला, "गाडीत वजन व्हईल. हे माझ्याकडं ठेवू का?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो. गाडी वेशीबाहेर पडल्यावर मला एकदम आठवलं, त्यात समासाला माझ्या खुणा आहेत. सतराच्या सतरा, आकड्यांसकट, आणि जागोजागी त्याच्या नावानं 'खोटं', 'साफ खोटं', 'इथं सापडला'. वऱ्हाडात काढलेल्या त्या महिन्यांत लोकांना घरादाराची काळजी होती. मला त्याबरोबर ही पण होती.

पोलीस अॅक्शन झाली, राज्य गेलं, आम्ही परत आलो. घर शाबूत होतं. त्याची आई मधल्या काळात वारली होती. मी भेटायला गेलो. अंगणात घोंगडं टाकून तो बसला होता, डोकं भादरलेलं. आईविषयी थोडं बोललो. मग तो उठून आतून पुस्तक घेऊन आला. त्याला नवीन कापडाचं बासन शिवलं होतं.

"तीनदा वाचलं," तो म्हणाला. "मायच्या उशाला बसून. तिला बी मराठीत सांगत व्हतो."

मी खाली बघत होतो.

"सतरा चुका काढल्यास तू. सगळ्या बराबर हायत. मला अठरावी घावली."

"कंची?"

"नदीवरचा पूल मी खलिफानं बांधला म्हणून सांगत व्हतो. त्याच्या आधीच्या रोमन लोकांचा हाय तो. हे तुझ्या नजरंतून सुटलं." तो हसला. मला हसू येईना. मग म्हणाला, "आन ती राणी वाचली न्हाईस का तू?"

"कंची राणी?"

त्यानं पान काढून दिलं. पुलाशेजारी नदीत एक मोठं पाणचक्र होतं, नदीचं पाणी वर उचलून बागांना देणारं. अरबांचं राज्य जाऊन ख्रिस्ती राजांचं राज्य आलं, त्यानंतर पुढं कधीतरी एक राणी तिथल्या महालात उतरली. चाकाच्या कुरकुरीनं तिला झोप येईना, म्हणून तिनं ते काढून टाकायला लावलं, अशी तिकडं कथा आहे.

"बागा वाळल्या असतील बघ," तो म्हणाला. "आपल्याकडं मोटेचं चाक कुरकुरायचं थांबलं की माणूस दचकून उठतो, हिरीत काय पडलं म्हणून. आन तिला त्या आवाजानं झोप न्हाई."

ते पान मी वाचलं होतं, नक्की वाचलं होतं. पण त्या पानावर त्याची चूक नव्हती, म्हणून माझी पेन्सिल तिथं थांबली नव्हती. अख्खं पुस्तक मी त्याच्या चुका वेचत वाचलं आणि त्यानं ते कुर्तुबा बघायला वाचलं. हे तिथं घोंगड्यावर बसून मला स्वच्छ कळलं. कळल्यानं काही निवलं नाही. उलट जास्तच पेटलं. आईच्या मरणात, गावाच्या त्या धास्तीत हा माणूस एक शहर हिंडून आला होता, आणि मी चार वर्षं ते ट्रंकेत ठेवूनही वेशीवरच उभा होतो.

"क्षमा कर," मी म्हणालो.

"कशाची?" तो म्हणाला, आणि मग, "तपासणीच्या साहेबासमोर बोललास ते लागलं व्हतं मला. बाकीचं न्हाई." एवढंच. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही.

शाळा उघडली तेव्हा शिकवणं मराठीत झालं होतं. नवी पुस्तकं आली, त्यांत स्पेनचं पान नव्हतं. नव्या हेडमास्तरांनी विचारलं, इतिहास कोणाकडं. मी त्याच्याकडं बोट दाखवलं. लोकांनी याला माझं मोठं मन म्हटलं. खरं कारण एवढंच की त्याच्यानंतर त्या वर्गात उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

पहिल्याच आठवड्यात त्यानं कुठल्याशा धड्यातून वाट काढून पोरांना त्या राणीपर्यंत नेलं. फळ्यांच्या अलीकडं मी खडू हातात धरून ऐकत होतो. पोरं हसली, मग गप्प झाली, मग एकानं विचारलं, बागांचं पुढं काय झालं. माझ्या छातीत तेच जुनं काहीतरी सळसळलं.

त्या दिवशी जेवताना बायकोला मी राणीची आणि चाकाची गोष्ट सांगितली. ती हातातला घास तसाच धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "किती छान सांगितली हो. कुठं वाचली?"

"पुस्तकात," मी म्हणालो, आणि आमटी वाढायला सांगितली.